मार्जरीचे ऋण

सकाळचे सात वाजलेले असतात. घरातील गृहिणी फ्रीजच्या दारातून एक लहानशी काचेची कुपी काढते, दोन तळहातांमध्ये ती हलकेच फिरवते आणि बारीक सुईच्या सिरिंजमध्ये आतील दुधट औषध मोजून ओढून घेते. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आठ-नऊ वर्षांची एक कुत्री आपल्या ताटलीतले अन्न खात उभी असते. गृहिणी तिच्या खांद्यामागची सैल कातडी चिमटीत धरून वर उचलते, सुई आत जाते, बाहेर येते. कुत्रीचे खाणे थांबतही नाही. मग भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेल्या वहीत तारीख, वेळ आणि मात्रा यांची नोंद होते. संध्याकाळी सात वाजता हेच सारे पुन्हा घडावयाचे असते. उद्या, परवा आणि त्या प्राण्याच्या अखेरच्या दिवसापर्यंत.

मधुमेह झालेल्या कुत्र्याची घरगुती शुश्रूषा ती हीच. पाहणाऱ्याला वाटते, माणसाचे औषध माणसाने मायेपोटी मुक्या जनावराला दिले. इतिहास मात्र याच्या अगदी उलट सांगतो. हे औषध माणसाचे म्हणून जन्मास आलेच नाही. ते कुत्र्याकडून माणसाकडे आले, आणि आज पुष्कळ वळणे घेऊन कुत्र्याकडे परतले आहे. मोजलेले अन्न, वेळेवरची सुई, लघवीची आणि रक्ताची तपासणी, नोंदींची वही, हा जो नित्यक्रम आज एखाद्या घरात चालतो, तोच १९२१ साली कॅनडातील टोरोंटो शहराच्या एका प्रयोगशाळेत एका कुत्रीवर चालला होता. तिचे नाव मार्जरी. तो नित्यक्रम तेथवर कसा पोहोचला आणि तेथून घराच्या उंबऱ्यापर्यंत कसा आला, हे समजून घेण्यासारखे आहे.

मधुमेह हा फार जुना रोग आहे. आपल्याकडे चरकसंहितेत प्रमेहाची पूर्वचिन्हे सांगताना रोग्याच्या शरीराकडे आणि मूत्राकडे मुंग्या धावतात, हे लक्षण नोंदविलेले आहे. युरोपात १७ व्या शतकात टॉमस विलिस या इंग्रज वैद्याने अशा रोग्याच्या मूत्राची चव मधुर असल्याचे लिहिले, आणि १७७६ मध्ये लिव्हरपूलच्या मॅथ्यू डॉब्सन याने ते मूत्र आटवून त्यात खरोखरच साखर असते, हे दाखविले. परंतु ही साखर मूत्रात येते कोठून, शरीराचा कोणता अवयव आपले काम सोडून देतो, हे कोणासही ठाऊक नव्हते. कोणी यकृताकडे बोट दाखवी, कोणी मूत्रपिंडाकडे. जठराच्या मागे आडवे पडलेले स्वादुपिंड हे केवळ पचनरस पाझरणारी ग्रंथी म्हणून ओळखले जात होते. पॉल लांगरहान्स या तरुण जर्मन विद्यार्थ्याने १८६९ साली त्या ग्रंथीत पेशींची वेगळी बेटे असल्याचे सूक्ष्मदर्शकातून पाहिले. पण त्या बेटांचे काम काय, हे त्यालाही सांगता आले नाही.

हे कोडे १८८९ साली स्ट्रासबुर्ग येथे एका कुत्र्यामुळे सुटू लागले. योझेफ फॉन मेरिंग आणि ऑस्कर मिंकोव्स्की हे दोघे स्निग्ध पदार्थांच्या पचनासंबंधी वाद घालीत होते. स्वादुपिंड काढून टाकल्यास प्राणी जगतो काय, असा प्रश्न निघाला आणि मिंकोव्स्कीने एका कुत्र्याचे स्वादुपिंड संपूर्ण काढून टाकले. कुत्रा जगला, परंतु शिकविलेला, घरात राहण्याची सवय असलेला तो प्राणी प्रयोगशाळेच्या फरशीवर पुनःपुन्हा लघवी करू लागला. दुसऱ्या कोणी नोकरावर रागावून फरशी पुसून घेतली असती. मिंकोव्स्कीने लघवी उचलून तपासली. तीत सुमारे १२ टक्के साखर निघाली. त्या लघवीवर माशा घोंगावल्या म्हणून शोध लागला, अशी एक आख्यायिका पुढे पसरली. ती आकर्षक असली तरी इतिहासकार तिच्यावर विश्वास ठेवीत नाहीत. येथे माशांपेक्षा संशोधकाची जिज्ञासा महत्त्वाची. पुढे मिंकोव्स्कीने स्वादुपिंडाचा एक तुकडा कुत्र्याच्या कातडीखाली रोवून पाहिला. तो तुकडा असेपर्यंत मधुमेह झाला नाही. तो काढताच झाला. म्हणजे स्वादुपिंड पचनरसाखेरीज आणखी काहीतरी थेट रक्तात सोडते, हे सिद्ध झाले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. सर्वांनाच ठाऊक असलेली ती तीन लक्षणे, म्हणजे फार तहान, फार लघवी आणि खाऊनही खंगत जाणे, ही स्ट्रासबुर्गच्या त्या कुत्र्याच्या ठायी उघड झाली. आज एखाद्या घरातील कुत्रा रात्रीतून पाण्याचे भांडे रिकामे करू लागला, वर्षानुवर्षे शिस्तीने वागलेला असूनही घरात घाण करू लागला, आणि भूक वाढूनही त्याच्या फासळ्या दिसू लागल्या, तर घरचे लोक आधी त्याच्यावर रागावतात. म्हातारपणी सवयी बिघडल्या, असे म्हणून कोणी पाण्याचे भांडेच उचलून ठेवतात. हे फार मोठे अहित होय. रक्तातील साखर मूत्रावाटे बाहेर पडताना पाणी ओढून नेते; म्हणून लघवी वाढते, आणि लघवी वाढते म्हणून तहान लागते. पाणी तोडल्याने लघवी कमी होत नाही, प्राणी मात्र सुकतो. फरशीवरील त्या ओल्या डागाकडे रागाने पाहावे की मिंकोव्स्कीच्या नजरेने, यावर पुष्कळदा त्याचे आयुष्य अवलंबून असते.

रोगाचे स्थान कळले, तरी औषध हाती येण्यास आणखी ३२ वर्षे लागली. स्वादुपिंडाचा अर्क काढावा, तर त्यातील पाचक रसच त्या मौल्यवान द्रव्याचा नाश करीत, किंवा अर्कातील अशुद्ध पदार्थांनी रोगी तापाने फणफणे. दरम्यान अमेरिकेत फ्रेडरिक ॲलन या डॉक्टराने कुत्र्यांच्या स्वादुपिंडाचा काही भागच काढून त्यांना कमी-अधिक अन्न देऊन पाहिले. अन्न जितके कमी, तितके मधुमेही कुत्रे अधिक दिवस जगते, असे त्यास आढळले. आणि त्यावरून त्याने रोग्यांसाठी उपासमारीचा उपचार बसविला. हा उपचार क्रूर होता. पण दुसरा नव्हताच. मधुमेही मुले हाडांचे सापळे होऊन काही महिने, क्वचित दोन-तीन वर्षे जगत. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री चार्ल्स इव्हान्स ह्यूज यांची कन्या एलिझाबेथ ही ॲलनच्याच देखरेखीखाली होती. १९२२ च्या ऑगस्टमध्ये ती टोरोंटोला आली तेव्हा पंधरा वर्षांच्या त्या मुलीचे वजन अवघे ४५ पौंड होते. अन्नाचा घास नाकारून आयुष्याचे दिवस वाढवावयाचे, अशा या काळात बॅंटिंगचा प्रवेश झाला.

फ्रेडरिक बॅंटिंग हा तरुण शल्यचिकित्सक. व्यवसाय न चालल्याने एका वैद्यक विद्यालयात शिकवीत असताना, १९२० च्या ऑक्टोबरअखेरीस एक लेख वाचून त्यास सुचले की, स्वादुपिंडाची नलिका बांधून टाकली तर पाचक रस निर्माण करणाऱ्या पेशी मरतील, बेटे तेवढी उरतील, आणि मग त्यांचा अर्क निर्वेध काढता येईल. टोरोंटो विद्यापीठातील प्राध्यापक मॅक्लिऑड यांनी, काहीशा साशंकपणेच, त्यास खोली, थोडी कुत्री आणि चार्ल्स बेस्ट नावाचा बावीस वर्षांचा विद्यार्थी साह्यक म्हणून दिला. १९२१ च्या मे महिन्यात काम सुरू झाले. उन्हाळा कडक होता, हात शिकाऊ होते. पहिल्या काही आठवड्यांत बहुतेक कुत्री शस्त्रक्रियेच्या आघातानेच किंवा जखमा चिघळून दगावली. ही हानी पुढील यशाच्या प्रकाशात सहसा कोणी मोजीत नाही.

३० जुलै रोजी ४१० क्रमांकाच्या एका पांढऱ्या टेरियरला अर्क टोचण्यात आला. तासाभरात त्याच्या रक्तातील साखर ०.२० टक्क्यांवरून ०.१२ टक्क्यांवर उतरली. दुसऱ्या दिवशी ते कुत्रे मेले; पण दिशा सापडली होती. ऑगस्टमध्ये ९२ क्रमांकाची एक कोली जातीची कुत्री स्वादुपिंड काढल्यानंतर अर्काच्या आधारे वीस दिवस जगली आणि महिनाअखेरीस तिने प्राण सोडला. ती बॅंटिंगची फार लाडकी होती, आणि तिच्या मृत्यूने त्या रांगड्या शल्यचिकित्सकालाही दुःख आवरले नाही. मग १८ नोव्हेंबरला ३३ क्रमांकाच्या कुत्रीचे स्वादुपिंड काढण्यात आले. हीच मार्जरी.

मार्जरीच्या बाबतीत जे घडले ते पूर्वीच्या कोणत्याही प्राण्याच्या बाबतीत घडले नव्हते. तोवरचे प्रयोग तासांचे आणि दिवसांचे असत. हा आठवड्यांचा झाला. तिला अर्क वरचेवर टोचला जाई, अन्न मोजून मिळे, रक्तातील आणि लघवीतील साखर तपासली जाई. कोणत्या अर्काने तिला बळ आले, कोणत्याने नाही, हे वहीत उतरे. याच दिवसांत संशोधकांना कळले की, कुत्र्याच्या नलिका बांधण्याचा द्राविडी प्राणायाम अनावश्यक आहे. खाटीकखान्यातील बैलांच्या स्वादुपिंडापासूनही मद्यार्काच्या साह्याने गुणकारी अर्क निघतो. म्हणजे औषध विपुल प्रमाणात होऊ शकेल. मार्जरी सुमारे सत्तर दिवस जगली. मधुमेही प्राण्यास घातक रोगासह दीर्घकाळ जगविता येते, एवढेच नव्हे तर हिंडते-फिरते ठेवता येते, याचा पहिला पुरावा ती होय. २७ जानेवारी १९२२ रोजी तिचे आयुष्य संशोधकांनीच संपविले. तिच्या शरीरात स्वादुपिंडाचा काही अंश उरला होता काय, हे पाहणे त्यांना आवश्यक वाटले. तो अंश खरोखरच उरला नव्हता काय, याबद्दल पुढील काळातील अभ्यासकांनी शंका घेतलेली आहे. पण तिच्या दिवसांचे मोल त्यामुळे उणे होत नाही.

त्या शेवटाच्या सोळा दिवस आधी, ११ जानेवारीस, टोरोंटोच्या रुग्णालयात लेनर्ड टॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलास बेस्टने केलेला अर्क टोचण्यात आला होता. मुलाचे वजन ६५ पौंड होते. पहिला प्रयत्न फसला. सुईच्या जागी गळू आले आणि साखर थोडीच उतरली. मग जेम्स कॉलिप या रसायनशास्त्रज्ञाने अर्क शुद्ध केला, आणि २३ जानेवारीपासून तो देताच चोवीस तासांत मुलाच्या रक्तातील साखर ०.५२ टक्क्यांवरून ०.१२ टक्क्यांवर आली. लेनर्ड आणखी तेरा वर्षे जगला. उपासमारीने खंगलेली एलिझाबेथ ह्यूज तर १९८१ पर्यंत जगली. १९२३ मध्ये नोबेल पारितोषिक बॅंटिंग व मॅक्लिऑड यांस मिळाले. बॅंटिंगने आपला अर्धा वाटा बेस्टला आणि मॅक्लिऑडने आपला कॉलिपला दिला. पेटंटाचा हक्क बॅंटिंग, बेस्ट व कॉलिप यांनी टोरोंटो विद्यापीठास प्रत्येकी एक डॉलर घेऊन विकला. रुमानियातील निकोलाय पाउलेस्कू याने अशाच अर्काचे कुत्र्यांवरील प्रयोग १९२१ मध्येच प्रसिद्ध केले होते. त्यास मात्र या मानात वाटा मिळाला नाही. पारितोषिकाच्या वाटणीचा वाद इतिहासकार अजूनही घालीत असतात. त्या वाटणीत कुत्र्यांचे नाव कोणीही घेतले नाही.

महाभारतात धर्मराज युधिष्ठिर आपल्यामागे आलेल्या कुत्र्यास सोडून स्वर्गात पाऊल टाकण्यास नकार देतो. टोरोंटोत याच्या उलट झाले. माणूस आत गेला आणि ज्याने वाट दाखविली तो कुत्रा दाराबाहेर राहिला. यात केवळ कृतघ्नता पाहणे न्याय्य होणार नाही. १९२२ साली इन्सुलिन इतके दुर्मिळ होते की, मरणोन्मुख मुलांनाही ते पुरत नव्हते. ते कुत्र्यांना कोणी द्यावे? शिवाय आरंभीचे इन्सुलिन काही तासांतच ओसरे. दिवसातून तीन-चार वेळा काचेची पिचकारी उकळून टोचावी लागे. माणसाच्या घरातही जे दुष्कर, ते जनावरासाठी कोण करणार?

ही अडचण डेन्मार्कमध्ये दूर होऊ लागली. तेथील नोबेल-विजेते शरीरशास्त्रज्ञ ऑगस्ट क्रोग यांच्या पत्नी मारी यांस मधुमेह होता. क्रोग १९२२ मध्ये टोरोंटोस गेले आणि इन्सुलिन करण्याची परवानगी घेऊन परतले. त्यांचे सहकारी हान्स क्रिस्टियान हागेडॉर्न यांनी १९३६ मध्ये इन्सुलिनास प्रोटामिन नावाच्या प्रथिनाची जोड देऊन ते कातडीखालून सावकाश पाझरेल असे केले. १९४६ मध्ये त्याचे अधिक सोयीचे रूप सिद्ध झाले. आजही त्या दुधट कुपीवर एन. पी. एच. अशी जी अक्षरे असतात, त्यांतील शेवटचे अक्षर हागेडॉर्न यांचे आहे. पुढे जस्ताच्या साह्याने तयार केलेले मंदगती इन्सुलिनही आले. सुया दिवसातून एक-दोन इतक्या कमी झाल्या. त्याचबरोबर साखर मोजण्याची साधनेही प्रयोगशाळेतून घराकडे निघाली. तांब्याच्या क्षाराने लघवी उकळून पाहण्याच्या जागी, १९४० नंतरच्या काळात, गोळी आली. मग बुडवताच रंग बदलणारी कागदी पट्टी आली. आणि १९७० च्या सुमारास रक्ताच्या थेंबावरून आकडा सांगणारे यंत्र आले. यांतील प्रत्येक सोय माणसासाठी झाली. पण तिने कुत्र्याच्या उपचाराचाही मार्ग मोकळा केला.

निसर्गानेही येथे एक अनपेक्षित साह्य केले. फ्रेडरिक सँगर यांनी १९५५ पर्यंत बैलाच्या इन्सुलिनाची संपूर्ण रचना उलगडली, आणि पुढे निरनिराळ्या प्राण्यांच्या इन्सुलिनाची तुलना शक्य झाली. तेव्हा दिसले की, कुत्र्याचे आणि डुकराचे इन्सुलिन तंतोतंत एक आहे. माणसाचे त्याहून केवळ एका घटकाने वेगळे. १९८२ मध्ये जिवाणूंकडून तयार करून घेतलेले मानवी इन्सुलिन बाजारात आले आणि माणसांसाठी डुकराच्या इन्सुलिनाची गरज उत्तरोत्तर संपत गेली. परंतु कुत्र्यासाठी ते परके नव्हतेच. म्हणून डुकरापासून केलेले मंदगती इन्सुलिन खास कुत्र्यांचे औषध म्हणून पुढे आले. अमेरिकेत त्यास २००४ मध्ये मान्यता मिळाली. ते जेथे मिळत नाही तेथे पशुवैद्य मानवी इन्सुलिनाने काम भागवितात, आणि ते पुष्कळदा उत्तम भागते.

कुत्र्याचा मधुमेह बहुधा अशा जातीचा असतो की, स्वादुपिंडातील ती बेटेच नष्ट झालेली असतात. म्हणून प्रौढ माणसाला ज्या गोळ्यांनी आराम पडतो, त्या कुत्र्याच्या कामी येत नाहीत. त्याला इन्सुलिनच लागते. मध्यम वय उलटलेल्या कुत्र्यांत हा रोग अधिक आढळतो, आणि सॅमोयेड, मिनिएचर श्नाउझर, पूडल अशा काही जातींत त्याची प्रवृत्ती विशेष असते. मादीच्या बाबतीत आणखी एक कारण असते. माजानंतर सुमारे दोन महिने तिच्या शरीरात जे संप्रेरक वाढलेले असते, ते इन्सुलिनाच्या कार्यास विरोध करते. म्हणून मधुमेही कुत्रीचे गर्भाशय व अंडाशय शस्त्रक्रियेने काढून टाकण्याचा सल्ला पशुवैद्य देतात. हे वेळेवर झाले तर क्वचित रोगही मागे हटतो. एरवी तो जन्माचा सोबती ठरतो.

आता त्या घराकडे परत येऊ. मार्जरीच्या वहीतील प्रत्येक स्तंभ तेथे उभा आहे. पहिला अन्नाचा. दिवसातून दोन वेळा, बारा तासांच्या अंतराने, तेच अन्न, तितकेच. ॲलनच्या काळासारखी उपासमार नाही. पण स्वैरपणाही नाही. मुलांच्या हातचे बिस्कीट, नैवेद्याचा पेढा, चहात बुडविलेला पाव ही माया या रोगात महाग पडते. तळकट व तुपकट खाऊ घातल्याने स्वादुपिंडास सूज येण्याचे भय असते, आणि मग सारी घडी विस्कटते. साखर वर्ज्य म्हणून कोणी बिनसाखरेची मिठाई किंवा च्युइंगम द्यावयास जाईल, तर त्यात बहुत वेळा झायलिटॉल नावाचा गोड पदार्थ असतो. तो माणसाला निरुपद्रवी, पण कुत्र्याला विष होय.

दुसरा स्तंभ सुईचा. आपल्या देशात अजूनही ४० एककांची कुपी प्रचलित आहे. तिच्याबरोबर १०० एककांचीही असते, आणि पेनमधील इन्सुलिन बहुधा १०० चे असते. ४० च्या कुपीसाठी ४० चीच सिरिंज हवी. ४० ची सिरिंज १०० च्या कुपीत बुडविली, तर रेषा तीच दिसते आणि औषध अडीचपट जाते. कुपी फ्रीजमध्ये ठेवावी, पण बर्फाच्या कप्प्यात नव्हे. एकदा गोठलेले इन्सुलिन टाकूनच द्यावे. फ्रीज नसलेल्या किंवा वीज वरचेवर जाणाऱ्या गावी, ओल्या वाळूत ठेवलेल्या मातीच्या मडक्यात कुपी जपण्याची रीत कित्येक घरांनी अवलंबिली आहे. मात्रा ठरविणे हे पशुवैद्याचे काम. घरच्यांनी ती आपल्या अंदाजाने वाढवू नये.

कारण तिसरा स्तंभ धोक्याचा आहे. इन्सुलिन जितके तारक, तितकेच अधिक झाल्यास मारक. कॉलिप सशांवर अर्काची कस पाहत असता त्यास प्रथम दिसले की, साखर फार उतरली म्हणजे प्राण्यास झटके येतात. आणि साखर टोचताच तो सावरतो. घरातील कुत्र्यासही हेच होते. म्हणून नियम असा की, कुत्र्याने अन्नास तोंड लावले नाही किंवा ओकून टाकले, तर नेहमीची सुई देऊ नये, पशुवैद्यास विचारावे. सुई दिली की नाही असा संशय आला, किंवा सुई हलून औषध केसांवर सांडल्यासारखे वाटले, तर पुन्हा देऊ नये. एखादी मात्रा चुकल्याने एका दिवसात अनर्थ होत नाही. दुप्पट मात्रेने तासाभरात होऊ शकतो. कुत्रा झिंगल्यासारखा चालू लागला, थरथरला, शून्य नजरेने पाहू लागला, तर शुद्धीत असल्यास लगेच खावयास द्यावे. गिळण्याची शुद्ध नसल्यास मध किंवा साखरेचा घट्ट पाक हिरड्यांवर चोळावा, घशात ओतू नये, आणि पशुवैद्याकडे न्यावे. याउलट अन्न सोडणे, ओकाऱ्या, अतिशय मरगळ आणि तोंडास चमत्कारिक फळांसारखा वास ही रक्तात आम्लद्रव्ये साचल्याची लक्षणे असू शकतात. तेव्हाही घरी थांबू नये.

चौथा स्तंभ मोजणीचा. कानाच्या कडेवरून किंवा ओठाच्या आतून टोचून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावर आता घरीच साखर कळते. अधूनमधून एखादा दिवस निवडून सकाळच्या सुईपासून संध्याकाळच्या सुईपर्यंत दर दोन तासांनी मोजणी करावी, आणि तो आलेख पशुवैद्यास दाखवावा. माणसासाठी केलेले यंत्र कुत्र्याच्या रक्तात बहुधा आकडा थोडा कमी दाखविते, हे ध्यानात असावे. निरोगी कुत्र्यासारखे आकडे येतील असा हट्ट येथे धरावयाचा नसतो. दिवसातील नीचतम आकडा ८० ते १५० मिलिग्रॅमच्या दरम्यान असावा आणि बाकीचा वेळ तो २५० च्या फार वर जाऊ नये, इतपत साधले तर पुष्कळ झाले. खरा निर्णय कुत्राच देतो. पाणी पिणे पूर्ववत झाले काय, वजन भरून येत आहे काय, दाराशी कोणी आले की तो उठतो काय, हे यंत्राइतकेच विश्वसनीय पुरावे आहेत.

एवढे करूनही एक दुःख बहुतेक कुत्र्यांच्या वाट्यास येते. डोळ्यातील भिंगात साखर साचून ते पाणी ओढते, आणि निदानापासून वर्षभरातच बहुसंख्य मधुमेही कुत्र्यांना मोतीबिंदू होतो. शस्त्रक्रिया करता येते. पण सर्वांना ती परवडत किंवा मिळत नाही. तथापि कुत्र्याचे जग डोळ्यांपेक्षा नाकात आणि कानांत अधिक वसलेले असते. घरातील खाट, मेज, पाण्याचे भांडे जागच्या जागी राहिले, तर आंधळा कुत्रा आठवडाभरात ते घर पाठ करतो.

या सर्वांचा खर्च असतो, आणि त्याहून मोठी किंमत वेळेची असते. ज्या घरात मधुमेही कुत्रा आहे, तेथून लग्नाला सारेच एकदम जात नाहीत. कोणी एक जण मागे राहतो, किंवा शेजाऱ्यास सुई शिकविली जाते. काही घरांना हे झेपत नाही, आणि पशुवैद्याशी विचार करून ती दुसरा निर्णय घेतात. त्यांना निष्ठुर म्हणण्याचा अधिकार इतरांना नाही. ज्यांना झेपते, ते मात्र आपल्या कुत्र्यास पुष्कळदा कित्येक वर्षांचे बरे आयुष्य देऊन जातात.

हे ऋण यामुळे फिटते काय? फिटत नाही. प्राण्यांवरील प्रयोगांचा वाद मार्जरीच्या आधीपासून चालत आलेला आहे. इंग्लंडने १८७६ मध्येच त्यावर निर्बंध घालणारा कायदा केला होता, आणि आजही तो वाद संपलेला नाही. इन्सुलिनाने वाचलेली कोट्यवधी माणसे एका पारड्यात ठेवली, तर दुसऱ्या पारड्यातील कुत्री थोडी वाटतात. पण त्या कुत्र्यांना कोणी विचारले नव्हते, ही गोष्ट तराजूने पुसली जात नाही. ज्याचे ऋण घेतले तो उरला नाही, आणि ज्यास परत केले जाते त्याने ते दिलेले नाही. तरी एक फरक ठळक दिसतो. टोरोंटोतील वहीत ३३ हा क्रमांक होता. मार्जरी हे नाव त्याला मागाहून जोडले गेले. भिंतीवर टांगलेल्या वहीच्या पहिल्या पानावर कुत्रीचे नाव असते, क्रमांक नसतो. तेथे सुईचा हेतू तिच्यापाशीच सुरू होतो आणि तिच्यापाशीच संपतो.

संध्याकाळचे सात वाजतात. गृहिणी फ्रीज उघडते. मोतीबिंदूने धुकट डोळ्यांची ती कुत्री दाराचा आवाज ओळखून उंबऱ्याशी येऊन उभी राहते, आणि ताटली जमिनीवर टेकण्याची वाट पाहते.